कॅरोलायनाचा आंबट-तिखट सॉस

गेल्या नाताळच्या सुटींत आमच्या घरीं एक बाटली आली, आणि तिच्यामुळें चार दिवस घरांत चांगलाच वाद माजला. आमचे पुतणे अमेरिकेंतील उत्तर कॅरोलायना राज्यांत, रॅले नगराजवळ नोकरीनिमित्त राहतात. त्या बाजूस मराठी कुटुंबांची वस्ती आतां बरीच आहे. ते सहकुटुंब आले, तेव्हां त्यांच्या दहा वर्षांच्या चिरंजिवांनीं आपल्या सामानांतून ही बाटली काढली. आंत पाण्यासारखा पातळ, लालसर सॉस. आणि बाहेरच्या कागदावर हंसऱ्या डुकराचें चित्र! आमच्या थोरल्या काकूंनीं तें पाहतांच बाटली स्वयंपाकघराबाहेर गॅलरींत ठेवविली. पणतूहि तसाच हट्टी. तो आपलें ताट घेऊन गॅलरींत जेवूं लागला. मूल पंगतींत नाहीं म्हणून काकूंना जेवण गोड लागेना, आणि चित्र समोर असलें म्हणजे त्यांच्यानें घांस उतरेना.

शेवटीं आम्हीं बाटलीवरील जिनसांची यादी काकूंस मोठ्यानें वाचून दाखविली. शिरका, मीठ, लाल मिरची, काळी मिरी, किंचित् साखर. एवढेंच. काकू म्हणाल्या, “मग हें घरींच करा कीं! चित्र कशाला हवें?” आजचें हें टिपण त्या एका वाक्यामुळें लिहिलें जात आहे.

हा सॉस जेथला आहे तेथें तो डुकराच्या मांसाबरोबर खातात, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागांत अख्खें जनावर ओक किंवा हिकरीच्या निखाऱ्यांवर मंद आंचेनें, पुष्कळदां रात्रभर, भाजतात. त्यालाच तेथें बार्बेक्यू म्हणतात. ही विद्या मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या आचाऱ्यांच्या हातीं वाढली. गुलामगिरीच्या काळीं मळेवाल्यांच्या मेजवान्यांसाठीं निखाऱ्यांच्या खड्ड्याशीं रात्र जागविणारे बहुधा तेच असत. मांस स्निग्ध असल्यामुळें त्यास कडक आंबटाची जोड लागते. शिवाय या सॉसांत साखर नांवापुरतीच असल्यानें भाजतांना तो वरून शिंपडला तरी करपत नाहीं. कॅन्सस सिटीकडील टोमॅटो-काकवीचा दाट सॉस मात्र अगदीं शेवटींच लावावा लागतो.

पूर्वेकडील सॉसांत टोमॅटोचा थेंब चालत नाहीं. पश्चिमेकडे, लेक्झिंग्टनच्या बाजूस, थोडें केचप घालतात व त्यास ‘डिप’ म्हणतात. लेक्झिंग्टनला १९१९ सालीं सिड वीव्हर यांनीं न्यायकचेरीसमोर तंबू ठोकून हा व्यवसाय मांडला. एकाच राज्यांतील हे दोन पक्ष एकमेकांच्या सॉसास नांवें ठेवण्यांत कसे रंगतात, हें ज्यांनीं देशावरच्या व कोंकणांतल्या आमटीचा वाद ऐकला आहे त्यांस निराळें सांगावयास नको. शेजारच्या दक्षिण कॅरोलायनांत मोहरीचा पिवळा, अलाबामांत अंड्याच्या मेयॉनेजचा पांढरा, अशा आणखीहि तऱ्हा आहेत. पण शाकाहारी घरास जवळचे हे दोनच.

काकूंची दुसरी शंका शिरक्याविषयीं होती, आणि ती अनेक घरांतून निघेल. फळांचा किंवा उसाचा रस आंबला म्हणजे प्रथम त्यांत मद्यार्क होतो हें खरें. पुढें हवेंतील प्राणवायूच्या साह्यानें सूक्ष्म जंतु त्याच मद्यार्काचें आम्ल करतात, आणि तयार शिरक्यांत मद्यार्क जवळजवळ उरतच नाहीं. ज्यांचें एवढ्यानेंहि समाधान होत नसेल त्यांनीं लिंबाचा रस घ्यावा. मात्र तो सॉस दोन दिवसांत संपवावा, आणि त्यास कॅरोलायनाचा म्हणूं नये. बाजारांत ‘सिंथेटिक’ असें छापलेला शिरका म्हणजे पाण्यांत मिसळलेलें अॅसेटिक आम्ल. तो स्वस्त पडतो, पण नाकाशीं टोंचतो. सफरचंदाचा किंवा उसाचा घ्यावा.

दोन वाट्या शिरका, एक मोठा चमचा कुटलेली सुकी मिरची (पूड नव्हे; बियांसकट जाडसर), एक लहान चमचा भरडलेलीं मिरीं, दीड लहान चमचा मीठ व एक मोठा चमचा साखर, हें सर्व कांचेच्या बाटलींत घालून हलवावें आणि निदान एक दिवस मुरूं द्यावें. पहिल्या दिवशीं तिखट व आंबट वेगवेगळें लागतें. तिसऱ्या दिवशीं तें एकजीव होतें. लेक्झिंग्टनचा करावयाचा असल्यास त्यांत अर्धी वाटी केचप घालून व साखर दुप्पट करून, साखर विरघळेपर्यंत मंद विस्तवावर ठेवावा. भांडें स्टीलचें असावें. तांब्या-पितळेचें बिनकल्हईचें किंवा अॅल्युमिनियमचें कदापि नको. ताक-चिंचेस जो नियम तोच येथें.

कांहीं कृतींत वुस्टरशर सॉस घालावयास सांगतात. इंग्लंडांत १८३७ पासून विकल्या जाणाऱ्या मूळ सॉसांत आपल्या ओळखीची चिंच आहे, पण अँकोव्ही नांवाचे मासेहि आहेत. तेव्हां बाटलीवर हिरवा ठिपका पाहिल्यावांचून तो घेऊं नये. आम्हांस तर त्याऐवजीं चमचाभर चिंचेचा कोळ पुरेसा वाटतो.

या सॉसाचा सर्वांत चांगला उपयोग मांसाशिवायच होतो, आणि तोहि लेक्झिंग्टनचाच आहे. तेथें बार्बेक्यूशेजारीं तांबडी कोशिंबीर वाढतात. मध्यम कोबीचा निम्मा गड्डा अगदीं बारीक चिरून त्यांत पाऊण वाटी डिप कालवावें व दोन तास थंड जागीं ठेवावें. दह्याची वा दाण्याच्या कुटाची आठवण होत नाहीं. आमच्याकडे हीच पहिल्यांदा झाली, आणि त्या दिवशीं मुलगा पंगतींत बसला.

भाज्यांत स्निग्धांश नसतो, म्हणून नुसता सॉस ओतल्यास त्या रागीट लागतात. निखाऱ्यावर भाजलेलें वांगें, सुरणाचे परतलेले काप, रताळीं, पनीर, कांहींहि असो. आधीं त्यास तेल किंवा लोणी हवें, आणि सॉस मागाहून. लोण्यावर खरपूस केलेलें सुरण या सॉसाबरोबर आम्हांस फारच आवडलें.

फाल्गुनांत कोंकणांतून कुयऱ्या आल्या, तेव्हां आमची फजिती झाली. अमेरिकेंतील शाकाहारी लोक कोंवळा फणस पिंजून त्यास हा सॉस लावतात असें सूनबाईंनीं सांगितलें होतें. आम्हीं उत्साहानें कुयरीचे तुकडे सॉसासकट कुकरांत चढविले. सहा शिट्यांनंतरहि ते करकरीतच! चिंच आधीं घातली तर डाळ शिजत नाहीं हें आयुष्यभर ठाऊक असून शिरक्यापुढें आम्ही तें विसरलों. आम्लामुळें भाजीचे तंतु मऊ होत नाहींत. दुसऱ्या खेपेस कुयरी नुसत्या मिठाच्या पाण्यांत शिजवून ठेंचली, लोखंडी तव्यावर भरपूर तेलांत कडा तांबूस होईपर्यंत परतली, वाटींत निखारा ठेवून त्यावर तूप सोडून झांकणाखालीं धूर दिला, आणि मग चार चमचे सॉस शिंपडला. हा प्रकार भाकरीबरोबर उत्तम लागतो.

तिकडे या पदार्थास मांसाचेंच नांव देतात, तें आम्हांस पसंत नाहीं. फणस फणसच राहूं द्यावा. काकूंनीं तर केवळ त्या नांवापायीं तो अद्याप चाखलेला नाहीं. कोबी मात्र आठवड्यांतून एकदां होतो, आणि तो त्या स्वतः चिरतात. जुन्या बाटलीवरील कागद त्यांनीं ऊन पाण्यांत भिजवून खरवडून काढला. घरचा सॉस आतां तींतच असतो.