कंत्राटदाराकडे बोट

फाटकावरचा पहारेकरी, रुग्णालयातील सफाई सेवक – गणवेश एकाचा, राबणे दुसऱ्यासाठी. त्याच्या वेतनातून भविष्य निर्वाह निधीसाठी १२ टक्के कापले जातात. ते खात्यात जमा झाले का, असे विचारताच व्यवस्थापन कंत्राटदाराकडे बोट दाखवते.

कायद्याला ही पळवाट मान्य नाही. १९५२ च्या निधी योजनेतील परिच्छेद ३० ने कंत्राटी कामगाराचे व मालकाचे अशी दोन्ही अंशदाने प्रथम भरण्याचे दायित्व मुख्य मालकावर टाकले. वसुली त्याने कंत्राटदाराकडून मागाहून करावी. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशा वसुलीची तरतूद आहेच.

खरे पाप निविदा उघडतानाच घडते. किमान वेतन अधिक अंशदान यांहूनही कमी दर स्वीकारणाऱ्याला ती तूट कोणाच्या पोटातून भरली जाणार, हे ठाऊक नसते काय? दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ स्थापन केला तो वर्गसंघर्ष नाकारून. मालक आणि कामगार एका कुटुंबाचे मानायचे, तर संस्कारांची भाषा बोलणाऱ्या आपल्या शिक्षणसंस्थांच्या आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या कोषाध्यक्षांनीही कंत्राटदाराचे देयक मंजूर करण्यापूर्वी भरणा केल्याचे चलन आणि कामगारांची नावनिहाय यादी मागितली पाहिजे. सध्या बहुतेक ठिकाणी केवळ एकूण रक्कम पाहून सही होते.