मुलांच्या हातातील पुस्तक आणि पालकांचा धर्म

मुलांनी काय वाचावे, हा प्रश्न श्रद्धावान घरांत नेहमीच विचारला जातो. कधी तो चांदोबातील वेताळाच्या कथांवरून विचारला गेला, कधी नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वरून. गेल्या काही वर्षांत तो मुख्यतः हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांवरून विचारला जातो. जे. के. रोलिंग ह्यांची ही कथामाला १९९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध होऊ लागली आणि पुढे मराठीतही आली. तीत जादूगारांची शाळा आहे, मंत्र आहेत, उडणारे झाडू आहेत, मेलेल्यांच्या छाया आहेत. आपल्या धर्मात जे निषिद्ध ते आपले मूल आवडीने वाचते, ह्याची काही आईबापांना मनापासून काळजी वाटते. काही पालक पुस्तक काढून घेतात, काही स्वतः वाचून पाहतात, आणि काही शाळेच्या कपाटातूनच ते काढून टाकावे असे म्हणतात. पहिल्या दोन गोष्टी घरातल्या आहेत. तिसरी सार्वजनिक आहे, आणि म्हणून आमच्या कार्यकर्त्यांनी तिचा विचार केला पाहिजे.

हा विचार करण्यास दौंड तालुक्यासारखी दुसरी जागा नाही. यवत आणि वरवंड येथे तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. तेथील घरांत संतकथा लहानपणापासून कानावर पडतात. केडगावी नारायण महाराजांच्या बेटावर दत्तभक्तांची रीघ लागते, आणि त्याच केडगावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे आहे. दौंड शहर रेल्वेने वाढविले. मनमाडचा फाटा जेथे फुटतो त्या ह्या जंक्शनच्या वसाहतींत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि बौद्ध कामगारांची कुटुंबे शेजारी शेजारी राहत आली. पलीकडच्या शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे एकोणिसाव्या शतकात उभे राहिले. अशा प्रदेशातील एखाद्या शाळेत प्रत्येक धर्माच्या पालकांनी आपल्याला न रुचणारे पुस्तक कपाटातून काढायचे ठरविले, तर त्या कपाटात अखेर काय उरेल? कदाचित गणिताची पुस्तके आणि शब्दकोश.

आईबापांच्या ह्या काळजीची थट्टा करणे आम्हांस मान्य नाही. जुन्या करारात जादूटोण्याचा स्पष्ट निषेध आहे. कुराणातही जादूविद्येची निंदा आहे. जो मनुष्य आपला धर्म गंभीरपणे पाळतो त्याने मुलांच्या बाबतीत तो विसरावा, अशी अपेक्षा करणे हा उद्धटपणा झाला. परंतु काळजीचे रूपांतर कशात होते हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील ग्रंथालय संघटना आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांची नोंद ठेवते. तीत २००० ते २००९ ह्या दशकात हॅरी पॉटरचे नाव सर्वांत वर होते. न्यू मेक्सिकोतील ॲलामोगोर्डो गावी २००१ च्या डिसेंबरात एका चर्चच्या आवारात ही पुस्तके जाळण्यात आली. पोलंडमधील ग्दान्स्क येथे २०१९ च्या मार्चमध्ये धर्मगुरूंनी इतर वस्तूंबरोबर ती अग्नीत टाकली. युरोपात पुस्तकांच्या होळ्यांचा इतिहास काय आहे हे पोलंडला कोणी शिकवावे असे नाही. तरीही हे घडले. मुलाच्या हातातील पुस्तक काढून घेण्यापासून होळीपर्यंतचा रस्ता लांब आहे, पण तो एकच रस्ता आहे.

ह्या आक्षेपांच्या मुळाशी एक गृहीत आहे. अद्भुत कथा ही धर्माची वैरी आहे, असे ते गृहीत. इतिहास ह्याची साक्ष देत नाही. जॉन बनयनच्या ग्रंथाचा हरि केशवजींनी केलेला ‘यात्रिकक्रमण’ हा अनुवाद १८४१ साली निघाला. मराठी गद्यातील ही एक आरंभीची दीर्घ कथा. तीत राक्षस आहे, मायावी नगर आहे, वाटेत आडवा येणारा सैतानी जीव आहे; आणि ती ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठीच मराठीत आणली गेली. नार्नियाच्या कथा लिहिणारे सी. एस. लुईस श्रद्धावान ख्रिस्ती होते, आणि त्यांच्या कथांतील चेटकीण व बोलणारा सिंह अनेक ख्रिस्ती घरांत आदराने वाचले जातात. मुसलमान समाजात अमीर हमजाची दास्तान पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली. तीतून निघालेले ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हे जादूच्या राज्याचे महाकथानक १८८३ पासून लखनौच्या मुन्शी नवलकिशोरांच्या छापखान्याने छापले. छापखाना हिंदूचा, दास्तान मुसलमानांची, आणि वाचक दोन्हीकडचे. आमच्या वारकरी घरांत तर रेड्यामुखी वेद आणि चालणारी भिंत ह्या कथा कोणी शिकवाव्या लागत नाहीत.

मग प्रश्न असा की, रेड्याने वेद म्हटले हे ऐकणाऱ्या मुलाने झाडू उडाला हे वाचले तर नेमके काय बिघडते? आमच्या मते ज्ञानदेवांच्या त्या कथेचे सामर्थ्य चमत्कारात नाही. वेदांवर मूठभरांचा मालकी हक्क सांगणाऱ्या पैठणच्या शास्त्रीमंडळींना जनावराच्या तोंडून मिळालेले उत्तर, हे तिचे मर्म आहे. ज्याने ती कथा कल्पिली त्याला न्यायाची तहान होती. मूल हे मर्म बरोबर ओळखते. रेडा बोलतो की नाही ह्यावर ते फार वेळ अडत नाही. कोणावर अन्याय झाला आणि कोणाचा गर्व उतरला, हे त्याला लक्षात राहते.

येथे आमच्याच गोटातील एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. धर्माच्या बाजूने नव्हे, तर विवेकाच्या बाजूनेही काही पालक अद्भुत कथांना विरोध करतात. ज्या महाराष्ट्रात भोंदू बाबांचे दरबार भरतात तेथे मुलांना पुन्हा मंत्रतंत्राच्या गोष्टी कशाला, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र वेगळे आहे. अंधश्रद्धा ही कथेतून जन्मत नाही. कथा ही घटना म्हणून सांगितली जाते, तिच्यावर विश्वास न ठेवणाऱ्याला शापाची भीती घातली जाते, आणि शेवटी त्या भीतीचे मोल पैशात वा अब्रूत वसूल केले जाते, तेव्हा अंधश्रद्धा जन्मते. कादंबरीच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते. ‘हे मी रचले आहे’ अशी ती उघड कबुली आहे. बाबाच्या अंगाऱ्यावर अशी कबुली नसते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला, तो त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर अस्तित्वात आला. त्या कायद्याच्या अनुसूचीत नरबळी आहे, भूत उतरविण्याच्या नावाखालील मारहाण आहे, चमत्काराच्या जोरावर केलेली फसवणूक आहे. कथा-कादंबरी त्यात नाही, आणि ती नसणे हेच योग्य आहे. विवेकवाद्याचे भांडण कल्पनेशी नसून फसवणुकीशी आहे. ‘असे असते तर?’ हा प्रश्न विचारता न येणारे मन ‘असे का?’ हेही विचारीत नाही.

ह्याचा अर्थ सर्व अद्भुत कथा निरुपद्रवी आहेत असा मात्र नव्हे. कथा कोणाची बाजू घेते, हे विचारावेच लागते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारकथांना हाच प्रश्न विचारला आणि बळीराजाला त्याचे स्थान परत दिले. राक्षस कोणाला म्हटले, शंबूकाचे काय झाले, एकलव्याचा अंगठा का गेला, हे विचारल्याशिवाय जुन्या कथा मुलांपुढे ठेवण्यास दौंडच्या वसाहतीतील बौद्ध पिता कचरत असेल, तर त्याचा आक्षेप जादूवरच्या आक्षेपाहून अधिक खोल आहे. नव्या कथांनाही तीच कसोटी लावावी. हॅरी पॉटरच्या कथेतील खलपुरुष शुद्ध रक्ताच्या जादूगारांचे राज्य आणू पाहतो आणि जादू न जाणणाऱ्या घरांत जन्मलेल्या मुलांना अशुद्ध रक्ताची म्हणून हिणवतो. तो स्वतः मात्र संमिश्र रक्ताचा आहे. वर्गातील सर्वांत हुशार मुलगी अशाच ‘अशुद्ध’ घरातली, दंतवैद्यांची लेक आहे. जातीच्या देशात हे वाचून मुलाला काहीच कळत नाही असे ज्याला वाटते, त्याने मुलांशी बोलून पाहावे. उलट त्याच कथामालेत घरकाम करणाऱ्या गुलाम जिवांची एक जमात आहे, आणि तिच्या मुक्तीची चळवळ करणाऱ्या त्या मुलीची पुष्कळदा चेष्टाच होते. हा दोष आहे. त्यावर घरात बोलावे. पुस्तक बंद केल्याने बोलण्याची संधी तेवढी जाते.

मुलांचे मन बंदोबस्तात ठेवता येते का, ह्याचे उत्तर केडगावच्या वाटेवरच मिळते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. बायको व मुलीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांनी स्वजनांचा रोष पत्करला. परंतु त्यांची स्वतःची श्रद्धा कडक सनातनी होती. त्या घरात पुराणांचे वाचन मुख्य होते. रमाबाईंना भागवत मुखोद्गत झाले. आणि तीच मुलगी पुढे आपल्या बुद्धीने पुराणांच्या बाहेर पडली. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आणले. तेथील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, ह्यावरून १८९३ साली वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले; पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांचा हक्क आम्ही नाकारीत नाही. धर्मांतराची भीती त्यांना खरोखर वाटत होती. पण त्या काळी विधवा मुलींना शिकण्याच्या जागा किती होत्या? ज्या काढून नेल्या गेल्या त्यांच्यासाठी एक दरवाजा बंद झाला, एवढे मात्र निश्चित. काय वाचावे, कोठे बसावे, हे ठरविताना त्या मुलींना कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

येथे खरा मुद्दा येतो. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ साली झाला आणि भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचे तेरावे कलम मुलाला माहिती व विचार मिळविण्याचे स्वातंत्र्य देते. चौदावे कलम त्याच्या विवेकाचे व धर्माचे स्वातंत्र्य मान्य करते आणि आईबापांचा मार्गदर्शनाचा हक्कही मान्य करते. मात्र हे मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या समजेशी सुसंगत असावे, असे सांगते. सहा वर्षांच्या मुलाला भीतिदायक प्रकरण न वाचू देणारी आई आपले कर्तव्य करते. चौदा वर्षांच्या मुलाचे दप्तर तपासणारा बाप हुकूम चालवितो. पहिल्या गोष्टीपासून दुसरीपर्यंत हळूहळू हात सोडत जाणे, ह्यालाच मूल वाढविणे म्हणतात.

दुसरी मर्यादा उंबरठ्याची आहे. आपल्या घरात कोणते पुस्तक यावे हे पालक ठरवील. शेजाऱ्याच्या मुलासाठी ते ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. शाळेचे कपाट आणि गावाचे ग्रंथालय हे सर्वांचे आहे. कोणत्याही एका धर्माच्या, किंवा धर्म न मानणाऱ्यांच्याही, नावडीने ते रिकामे होता कामा नये. आणीबाणीत छापखान्यांवर आलेले जप्तीचे हुकूम ज्या चळवळीने पाहिले, तिला ‘लोकांच्या हितासाठीच’ ह्या शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी.

पण हे सारे ज्यांच्या हाती पुस्तक आहे त्यांच्याबद्दल झाले. ऊसतोडीच्या तळावरील मुलांच्या, वीटभट्टीवरील मुलांच्या, मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांच्या मुलांच्या आईबापांना कोणती कादंबरी योग्य हा प्रश्न पडत नाही. कारण त्या घरात कोणतीच कादंबरी नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. ‘गोष्टींची पुस्तके’ हे शब्द कायद्यातले आहेत. ते कागदावरून कपाटात आणि कपाटातून मुलांच्या हातात आणणे हे आमचे काम आहे.

म्हणून दौंड-शिरूरच्या कार्यकर्त्यांना आमची सूचना अशी की, त्यांनी आपापल्या गावच्या शाळेत जाऊन कपाटाची किल्ली कोणाकडे आहे एवढे प्रथम विचारावे. पुष्कळ ठिकाणी कपाट असते, पुस्तके असतात आणि कुलूपही असते. मग शनिवारी दुपारी मुले आणि पालक एकत्र बसवावेत. भागवतांचा फास्टर फेणे वाचावा, हॅरी पॉटर वाचावा, अमीर हमजाची गोष्ट सांगावी, संतांची सांगावी, बळीराजाची सांगावी. मौलवींना, पाद्रींना, कीर्तनकारांना बोलवावे आणि त्यांचा आक्षेप मुलांसमोर मांडू द्यावा. मुलांना उत्तर देऊ द्यावे. श्रद्धा जर खरी असेल तर ती एका झाडूच्या उड्डाणाने उडून जाणार नाही. आणि विवेक जर खरा असेल तर त्याला कुलपाची गरज लागणार नाही.