कुंडींतला परूषक

दुकानांत पेटीबंद मिळणाऱ्या ब्ल्यूबेरीचें रोप कोल्हापुरांत कुंडींत लावावें काय, असें हल्लीं पुष्कळ घरांतून विचारण्यांत येतें. परसदार राहिलें नाहीं, सज्जा तेवढा उरला. जागा एकाच झुडपापुरती असतां निवड विचारपूर्वकच व्हावी.

हें झुडूप मूळचें उत्तर अमेरिकेंतलें. त्याला आम्ल माती लागते हें फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञानें दाखवून दिलें, आणि एलिझाबेथ व्हाइट या बाईंच्या साह्यानें न्यू जर्सींत पिकविलेलीं फळें १९१६ सालीं प्रथम बाजारांत आलीं. कुंडींतली माती आपल्या हातची असल्यामुळें आम्लतेची सोय करतां येईल. पण थंडी कोठून आणावी? तिकडील उत्तर भागांतल्या जातींना हिवाळ्यांत सेंटिग्रेड ७ अंशांखालील थंडी सुमारें ८०० ते १००० तास लागते. उष्ण प्रदेशांसाठीं काढलेल्या जातींना ती पुष्कळ कमी पुरते. तथापि आमच्या पौषांतल्या रात्रींत तेवढीही भरंवशाची नाहीं.

ज्याला खरोखर फळ हवें त्यानें फालसा लावावा. संस्कृतांत हाच परूषक. चरकसंहितेंत श्रमहर, म्हणजे थकवा घालविणाऱ्या, दहा द्रव्यांत द्राक्ष, खजूर, डाळिंब यांच्या पंक्तीला तो बसला आहे. सुश्रुतानें तर एका गणालाच त्याचें नांव दिलें. सह्याद्रींतली धामण ही त्याचीच सगोत्र. फळ वाटाण्याहून थोडें मोठें, जांभळें, आंबटगोड. परंतु पिकल्यावर एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाहीं, म्हणून बाजारांत क्वचितच दिसतें. बाजार जें आणून देऊं शकत नाहीं, तेंच घरीं लावण्यांत अर्थ आहे.

दीड फूट रुंद व तितकीच खोल, बुडाला भोकें असलेली कुंडी घ्यावी. पंचगंगेकाठची काळी माती नुसती भरूं नये. पावसाळ्यांत ती पाणी धरून ठेवते आणि मुळें कुजतात. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलें शेणखत व एक भाग जाड वाळू हें मिश्रण उत्तम. बीं ताजें पेरल्यास सुमारें तीन आठवड्यांत उगवतें. कुंडीला ऊन मात्र भरपूर मिळालें पाहिजे.

खरें मर्म छाटणींत आहे. फालशाचीं फुलें नव्या फुटव्यांवर, पानांच्या बेचक्यांत येतात. जुनी फांदी कापल्यावांचून जोमदार फुटवा नाहीं, आणि फुटव्यावांचून फळ नाहीं. ब्ल्यूबेरीचें याच्या उलट. तिच्या फुलांच्या कळ्या आदल्या वर्षींच फांद्यांच्या शेंड्यांकडे तयार होतात, तेव्हां हिवाळ्यांत तिचे शेंडे सरसकट उडविले तर तें वर्ष फुकट जातें. यास्तव कात्री हातीं घेण्यापूर्वीं, फळ कोणत्या फांदीवर येतें, हें प्रथम जाणून घ्यावें.

फालशाचीं पानें पौषांत पिवळीं पडूं लागलीं, कीं सर्व झुडूप मातीपासून दोन फुटांवर छाटावें. वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मुळाशींच काढाव्या. मग मूठ-दोन मुठी शेणखत घालून नियमानें पाणी सुरू करावें. चैत्र-वैशाखांत फळें पिकूं लागतात. घोंस एकदम पिकत नाहीं. एक दिवसाआड वेंचावा लागतो. पक्षी आपल्याआधीं येतात, म्हणून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा झुडपावर बांधावा.

वर्षभर वाढविलेली हिरवी फांदी कापणें पुष्कळांच्या जिवावर येतें, विशेषतः वडील माणसांच्या. अशा घरीं झुडूप डोईवर जातें, पानांनीं डंवरतें, आणि फळ मात्र पांच-दहा दाण्यांवर येऊन थांबतें. आंबा नातवंडांसाठीं लावावा हें खरें. फालसा मात्र दुसऱ्या वर्षींच फळूं लागतो. साठी उलटल्यावर लावला, तरी त्याचें सरबत लावणाराच्याच हातीं येतें. पौषांत कात्री तेवढी निःशंकपणें चालविली पाहिजे.