नक्कल करायचीच, तर विमानाची करू या!

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘नक्कल’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे परीक्षेचे दिवस उभे राहतात. खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्या, बाकाखाली सरकणारी पाने आणि फाटकाशी आलेली भरारी पथकाची जीप! ‘भरारी’ यासारखा सुंदर शब्द आपल्या वाट्याला आला तो असा, पथकाला चिकटून. प्रस्तुत लेखात मी नकलेची बाजू घेणार आहे. प्राध्यापक मंडळींनी दचकू नये. परीक्षेतल्या नकलेशी माझे काही देणेघेणे नाही. मी बोलते आहे ती विमानाच्या नकलेविषयी.

जगात असे काही छांदिष्ट लोक आहेत, की जे घरामागच्या शेडमध्ये जुन्या काळचे दुपंखी विमान पुन्हा उभे करतात. कपाटावर ठेवायचे खेळणे नव्हे, तर मूळ मापाचे, फुटास फूट, इंचास इंच. त्यासाठी ते जुने आराखडे मिळवतात, लाकूड तासतात, तारा ताणतात, कापड शिवतात. यात त्यांची कित्येक वर्षे जातात. एवढे करून हाती काय येते? जे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले तेच! व्यवहारी माणूस याला वेडेपणा म्हणेल. मला मात्र हा वेडेपणा फार शहाणा वाटतो, आणि आपल्या भागाला त्याची गरज आहे असे वाटते. का, ते सांगते.

ऑगस्ट २०२१ मधली गोष्ट आपल्यापैकी कुणीही विसरलेले नसेल. पुसदच्या शेजारी महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. तेथील एका तरुण वेल्डरने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर तयार केले होते. शाळा अर्धवट सुटलेली, पण हातात कसब विलक्षण. १५ ऑगस्टला ते लोकांना दाखवायचे असा त्याचा बेत होता. त्याच्या काही दिवस आधी, रात्री जमिनीवरच चाचणी घेताना पंख्याचे पाते तुटले आणि त्याच्या डोक्यावर आदळले. त्यात त्याचा जीव गेला. वय अवघे चोवीस. आपल्यातल्या पुष्कळांच्या थोरल्या भावाचे वय!

दुसऱ्या दिवशी सारा देश त्याच्याविषयी बोलू लागला. कुणी त्याला सिनेमातल्या नायकाची उपमा दिली, कुणी वेडा ठरवले. मला दोन्ही बोलणी सारखीच पोकळ वाटली. जिवंतपणी थट्टा आणि मेल्यावर हार, या दोहोंच्या मध्ये एक जागा असते. तेथे कुणीतरी शांतपणे विचारायचे असते : ‘हे पाते कशाचे आहे? किती फेऱ्यांपर्यंत टिकेल? ते तुटले तर कुठे जाईल? आणि फिरत्या पंख्याखाली माणूस बसवण्यापूर्वी दूर उभे राहून ते फिरवून पाहिले काय?’ हे विचारणारी जागा आपल्याकडे नाही. धाडसाला आपल्याकडे तोटा नाही. धाडसाची तपासणी करणारे कुणी नाही.

आता दुसरी एक गोष्ट पाहा. अमेरिकेत डेटन गावी सायकलीचे दुकान चालवणारे दोन भाऊ होते, विल्बर आणि ऑर्व्हिल राईट. महाविद्यालयाची पायरी दोघेही चढले नव्हते. ३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिले, की उड्डाणाविषयी जे काही छापले गेले असेल ते मला वाचायला हवे आहे. थोड्याच दिवसांत त्या संस्थेने काही पुस्तिका आणि वाचनीय पुस्तकांची यादी धाडून दिली. एका सायकल दुकानदाराच्या पत्राला देशातल्या मोठ्या संस्थेने उत्तर दिले! विमानाच्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती ही घटना. फुलसावंगीहून असे पत्र निघाले असते तर ते कुणाच्या नावाने टाकायचे, हे तरी त्या तरुणाला कुणी सांगितले असते काय?

आणि त्या भावांची चाल किती सावध होती! १९०० मध्ये त्यांनी विनाइंजिनाचे विमान बहुतांशी पतंगासारखे दोरीला बांधून उडवले. १९०१ मध्ये दुकानातच वाऱ्याची पेटी करून तीत पंखांचे शेकडो नमुने तपासले. १९०२ मध्ये वाळूच्या टेकडीवरून शेकडो वेळा तरंगत उतरून तोल राखणे शिकून घेतले. इंजिनाची पाळी त्यानंतर आली, आणि ते त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत तयार केले. १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण झाले ते १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. या बारा सेकंदांच्या मागे चार वर्षे उभी आहेत.

अशा यंत्राची नक्कल करणे म्हणजे ही चार वर्षे हाताने वाचणे होय. त्यात नुसते वाचून न सुटणारे प्रश्न सुटतात. उदाहरणार्थ, पंख दोनच का? त्या काळची इंजिने अशक्त होती. सावकाश वेगात वजन उचलायचे तर पंखांचे क्षेत्र भरपूर हवे, आणि एकच लांबलचक पंख केला तर तो मोडणार. म्हणून एकावर एक दोन पंख ठेवून मध्ये उभे दांडे आणि तिरप्या तारा लावल्या, की रेल्वेच्या पुलासारखा भक्कम सांगाडा तयार होतो. ही युक्ती रूढ करणारे ऑक्टेव्ह शान्यूट हे खरोखरच रेल्वेपुलांचे अभियंते होते!

दुसरे उदाहरण कापडाचे. राईट बंधूंच्या विमानाचे पंख सुती कापडाने मढवलेले होते. घट्ट विणीचे, न धुतलेले. आपल्या मांजरपाटाच्या जातीचे, पण तलम. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हे ऐकून बरे वाटायला हवे. हे कापड त्यांनी सरळ न लावता उरेब, म्हणजे तिरक्या धाग्याने लावले होते. त्याचे कारण मला पुस्तकातून नीट उमगेना. माझी आई शिवणकाम करते, तिला विचारले. तिची शाळा सातवीत सुटलेली. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “सरळ धागा ओढला तं ताणत नाही. मंग जिकडून ओढ पडते तिकडं धागा लावला असन त्यायनं.” अगदी बरोबर! पंखाची चौकट कोपऱ्यांतून तिरपी व्हायला पाहते, तेव्हा कापडाचा प्रत्येक धागा तिरप्या तारेसारखा तिला धरून ठेवतो. घरात महाविद्यालयात जाणारी पहिली मी. पण या प्रश्नाचे उत्तर आईच्या कात्रीपाशी होते. पूर्ण मापाची नक्कल करू लागलो, तर आपल्या गावातले असे कितीतरी अबोल शिक्षक आपल्याला भेटतील.

येथे कुणी म्हणेल, ‘बाई, हे विमान उडणार का? नाही ना? मग हा खटाटोप कशाला?’ याला उत्तर १९४८ सालचे आहे. राईट बंधूंचे मूळ विमान वीस वर्षे लंडनच्या विज्ञान संग्रहालयात होते. ते अमेरिकेला परत द्यायचे ठरले, तेव्हा त्याच्या जागी ठेवण्यासाठी एक हुबेहूब प्रतिकृती तयार करण्यात आली. आणि ती केली डी हॅविलंड कंपनीच्या तंत्रशाळेतल्या विद्यार्थ्यांनी. ती उडण्यासाठी नव्हतीच. ती पाहण्यासाठी आणि त्याहून अधिक करून शिकण्यासाठी होती.

उडवण्याचा हट्ट किती अवघड, हेही नकलेनेच दाखवले. १७ डिसेंबर २००३ रोजी शताब्दीच्या दिवशी, त्याच ठिकाणी, हजारो लोकांसमोर एक अत्यंत काटेकोर प्रतिकृती उडवण्याचा प्रयत्न झाला. पैसा होता, जाणकार होते, शंभर वर्षांचे ज्ञान होते. पाऊस पडत होता आणि पुरेसा वारा नव्हता. विमान रुळावरून धावले आणि चिखलपाण्यात बसले. कुणाला इजा झाली नाही. मूळ दिवशी समोरून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याचा केवढा वाटा होता, हे त्या दिवशी सर्वांना पुन्हा कळले. नक्कल फसली तरी काही शिकवून जाते, ते असे.

नकलेचा आणखी एक उपयोग आहे. ती खऱ्याखोट्याची कसोटी आहे. राईट बंधूंच्या आधी, १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. अभिमान मलाही हवा आहे. पण त्या विमानाची नक्कल करू म्हटले तर काय हाती येते? खात्रीचा आराखडा नाही, मापे नाहीत. प्राचीन म्हणून दाखवल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमाने १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तपासली आणि ती उडण्याजोगी नाहीत असा निर्वाळा दिला. ज्याची नक्कल करता येत नाही, त्याच्यावर भाषणे तेवढी करता येतात. माझ्या मते तळपद्यांच्या कुतूहलाचा खरा सन्मान दावे करण्यात नाही, कुतूहल चालू ठेवण्यात आहे.

ज्यांना खरोखरच उडायचे आहे, त्यांनी कॅप्टन अमोल यादव यांच्याकडे पाहावे. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान तयार केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली, आणि चाचणी उड्डाणाची परवानगी हाती यायला २०१९ साल उजाडले. यादव हे स्वतः वैमानिक, मुंबईत राहणारे, कागदपत्रांची भाषा जाणणारे. त्यांना एवढा काळ लागला, तर खेड्यातल्या वेल्डरने तो रस्ता शोधावा तरी कसा? नियम कडक असावेत. जीव मोलाचा आहे. पण कडक दाराला निदान एक घंटा तरी असावी, आणि ती वाजवली की आतून कुणी ‘ओ’ द्यावी!

अशी घंटा आपल्या महाविद्यालयाच्या दाराला लावता येईल, असे मला वाटते. माझी सूचना साधी आहे. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला सोबत घेऊन राईट बंधूंच्या विमानाची पूर्ण मापाची प्रतिकृती आपण करावी. पंख चाळीस फूट चार इंच, लांबी सुमारे एकवीस फूट. लाकूड, तार, कापड एवढेच. इंजिन जागेवर दिसेल, पण लाकडाचे. पेट्रोलचा थेंबही नाही. दोन वर्षे लागली तरी लागू द्यावीत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी पत्रे व रोजनिशा वाचाव्यात, मराठीच्या विद्यार्थ्यांनी कामाची नोंदवही ठेवावी, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पैशापैशाचा हिशेब मांडावा. गावातले सुतार, वेल्डर, शिवणकाम करणाऱ्या बाया यांना पाहुणे म्हणून नव्हे, तर शिकवणारे म्हणून बोलवावे आणि त्यांना मानधन द्यावे.

‘कला शाखेला हे कशाला?’ असे विचारले जाईलच. ज्या शाखेत माणसाचा इतिहास शिकवतात, त्या शाखेला माणूस उडाला कसा हे हाताने शिकण्याचा अधिकार नसेल, तर कुणाला असेल? पैशांचा प्रश्न आहे, हे मान्य. म्हणून मी एकदम विमान मागत नाही. यंदा एकच पंख-फासळी करू. साडेसहा फुटांची एक वाकलेली लाकडी पट्टी. ती मापात बसली तर पुढची. नाही बसली तर पुन्हा तीच.

आणि ज्या दिवशी आपल्या भागातला एखादा तरुण स्वतः केलेले यंत्र घेऊन फाटकाशी येईल, त्या दिवशी त्याला हसू नये व खांद्यावरही घेऊ नये. त्याला आत बोलवावे, बसवावे आणि त्याचे पाते हातात घेऊन विचारावे, ‘हे कशाचे केलेस, दादा?’