झेंडू की मोगरा? आधी घरातले हात मोजा!

खारबावला घरामागे दोन गुंठे रिकामे आहेत, फुलांचा धंदा करायचाय. मग झेंडू लावू की मोगरा? माझं मत सांगतो.

झेंडू रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलतो, तोडल्यावर दोन-तीन दिवस टिकतो. पण दसऱ्याला सगळ्यांचाच माल दादरला उतरतो आणि भाव पडतो.

मोगरा एकदा लावला की कित्येक वर्षं चालतो. थंडीत पाणी तोडून छाटणी केली की उन्हाळ्यात कळ्या देतो. पण कळी पहाटेच, उमलायच्या आत खुडावी लागते. एक दिवस झोपलात की त्या दिवसाचा पैसा गेला!

पहाटे खुडायला माणूस नसेल, तर मोगऱ्याच्या भावाला भुलू नका. झेंडूने सुरुवात करा आणि तोरणं घरीच ओवून विका.