शेवटचे निवेदन

अहिल्यानगर महापालिकेतील नगररचना, जाहिरात परवाना आणि अतिक्रमण निर्मूलन. या तिन्ही टेबलांवर बसणाऱ्यांना आणि त्यांच्या वरच्या खुर्चीला हे पत्र आहे.

आम्ही सावेडी, केडगाव, बोल्हेगाव, नालेगाव आणि माळीवाड्याचे रहिवासी. आजवर विनंती केली. ही विनंती नाही.

निवेदने दिली. स्मरणपत्रे दिली. प्रत्येकाची पोच आमच्याकडे आहे. शिक्का, आवक क्रमांक, तारीख. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे ऐकून परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

आवाज चढवला नाही. खुर्ची ओढली नाही. शाई फेकली नाही.

त्याचा अर्थ तुम्ही चुकीचा लावलात. आमचे गप्प राहणे ही संमती समजलात.

गप्प राहण्याला तुमच्या खात्यात काय किंमत आहे, ते आम्ही या काळात कायद्याच्या पुस्तकातून वाचून काढले.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966. कलम 45. नियमात बसणाऱ्या प्रस्तावावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. तिला मानीव परवानगी म्हणतात.

कलम 127. विकास आराखड्यात मैदानासाठी, उद्यानासाठी, शाळेसाठी आरक्षण पडते. 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, की जमीनमालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्या सूचनेनंतर 24 महिन्यांत संपादनाचे पाऊल उचलले नाही, तर आरक्षण व्यपगत होते.

जागा मोकळी होते. मोकळी झालेली जागा मोकळी राहत नाही.

यासाठी तुमच्यापैकी कोणाला काही करावे लागत नाही. सही नको, ठराव नको. फाईल कपाटात राहिली की पुरे. 24 महिने सरतात आणि पोरांचे मैदान जाते.

जमीनमालकावर आमचा राग नाही. त्याला मोबदला हवा, तो त्याचा हक्क आहे. आम्ही विचारतो ते कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला.

ओढ्यांचे तसेच झाले.

सावेडीच्या बाजूला चालत जाऊन पाहा, गाडीतून नको. ओढा आधी अरुंद होतो. मग त्यात सिमेंटचे पाइप पडतात. पाइपांवर मुरूम, मुरमावर रोलर. रोलर गेला की चुन्याची फक्की आणि हद्दीचे दगड. पाठोपाठ प्लॉट विक्रीचा फलक उभा राहतो.

मोठा पाऊस होतो. पाणी जुनी वाट शोधत येते आणि शेजारच्या घरात शिरते. सकाळी त्या घरातली बाई खराट्याने गाळ बाहेर ओढत असते. पिठाचा डबा अंगणात उपडा घातलेला असतो. भिजलेले पीठ डब्याच्या कडेला चिकटून वाळत असते.

तो डबा आम्ही पाहिला आहे. म्हणून हे पत्र एवढे थंड डोक्याने लिहिणे सोपे गेलेले नाही.

1490 मध्ये मलिक अहमदने हे शहर वसवले. निजामशाहीने खापरी नळांनी बाहेरचे पाणी शहरात आणले. त्या शहरात आज निसर्गाने दिलेले ओढे बुजतात, आणि कोणाच्या परवानगीने ते विचारले की उत्तर येत नाही.

सीना नदीची पूररेषा ही वाटाघाटीची रेषा नाही. नदीकाठापासून निळ्या पूररेषेपर्यंतचा पट्टा बांधकामाला निषिद्ध आहे. नियम तुमचा आहे. पाळायचाही तुम्हीच आहे.

आता फलक.

13 मे 2024. घाटकोपर, छेडानगर. वादळी वाऱ्यात फलक पेट्रोल पंपावर कोसळला. 17 माणसे गेली. परवानगीची कमाल मर्यादा 40 बाय 40 फूट. फलक होता 120 बाय 120 फूट. नोटिसा निघालेल्या होत्या. नोटिसांनी लोखंड खाली उतरत नाही.

त्याआधी 17 एप्रिल 2023, किवळे, 5 मृत्यू. त्याआधी 5 ऑक्टोबर 2018, पुण्याचा जुना बाजार, 4 मृत्यू. सिग्नलला थांबलेली माणसे होती ती.

आमच्या एका चौकात असाच सांगाडा उभा आहे. आम्ही खाली उभे राहून पाहिला. पायाच्या अँगलला गंज चढला आहे. एका बोल्टच्या जागी नुसते भोक आहे. परवाना क्रमांक लिहायच्या जागी कोरा पत्रा. त्याच्या सावलीत रसवंतीचा गाडा लागतो. शाळा सुटली की पोरे तिथेच उभी असतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमे 244 आणि 245 स्पष्ट आहेत. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय आकाशचिन्ह नाही, जाहिरात नाही. मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा 1995 पासून आहे. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये सविस्तर निकाल दिला. तरी खांबाखांबाला वाढदिवसाचे फ्लेक्स तारेने आवळलेले आहेत आणि वळणावर समोरची गाडी दिसत नाही.

फ्लेक्सवर कोणाचा चेहरा आहे, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. सगळे उतरले पाहिजेत.

एक नोंद टाळता येणार नाही. जून 2024 मध्ये याच शहरात, बांधकाम परवानगीसाठी लाच मागितल्याच्या तक्रारीवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने तत्कालीन आयुक्तांवर गुन्हा नोंदवला. दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही त्यात पडत नाही. पण त्या दिवसानंतर प्रत्येक परवानगी उजेडात आणणे हे तुमचे कर्तव्य होते.

इथे 1854 पासून नगरपालिका होती, 2003 पासून महापालिका आहे. अनुभव कमी पडला, असे कोणी सांगू नये.

आता शहराला अहिल्यादेवींचे नाव आहे. त्यांचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात. त्यांनी घाट बांधले, विहिरी खोदल्या. त्या नावाच्या शहरात ओढा बुजवणे आम्ही सहन करणार नाही.

तुम्हाला 21 दिवस आहेत.

या 21 दिवसांत शहरातल्या प्रत्येक जाहिरात फलकाची यादी लावा. जागा, माप, परवान्याची मुदत, बांधणीच्या मजबुतीचा दाखला. यादीत नाही तो फलक उतरवा, सांगाड्यासकट. नुसते कापड फाडून फोटो काढलेला चालणार नाही.

आरक्षित जागांचा तक्ता लावा. खरेदीची सूचना कोणत्या तारखेला आली आणि 24 महिन्यांतले किती उरले, हे त्यात लिहा. सर्वांत कमी दिवस उरलेली जागा सर्वांत वर.

मंजूर रेखांकनांत सोडलेल्या मोकळ्या जागा दाखवा. नकाशावर नव्हे, जमिनीवर. ओढ्यांची मोजणी करा आणि हद्दीचे दगड पाण्याच्या बाजूने लावा.

यातले एकही काम नवे नाही. तुम्हाला पगार यासाठीच मिळतो.

22 व्या दिवशी काय होईल, तेही सांगतो.

टाळे ठोकणार नाही. दगड उचलणार नाही. तुम्हाला आमच्यावर गुन्हे नोंदवण्याची संधी मिळणार नाही.

प्रत्येक प्रभागात आमची माणसे टेप, वही आणि कॅमेरा घेऊन फिरली आहेत. फलकांची मापे घेतली आहेत. सातबारा उतारे काढले आहेत. बुजलेल्या ओढ्यांचे जुने नकाशे मिळवले आहेत. हे सगळे एका याचिकेत बांधले जाईल आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाखल होईल. प्रतिवादी म्हणून खात्याचे नाव लागेल. ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर फाईल थांबली, त्याचेही नाव लागेल.

विद्रूपीकरणाच्या तक्रारी पोलीस ठाण्यांत स्वतंत्रपणे जातील. एकेका फलकाची एक तक्रार.

आणि एखादा सांगाडा पडलाच, तर 'आम्हाला कल्पना नव्हती' हे वाक्य तुम्हाला वापरता येणार नाही. कल्पना दिली होती. तारखेसह दिली होती.

घाटकोपरनंतर फलकाला परवानगी देणारे पोलीस अधिकारी निलंबित झाले. 17 घरांना त्याने काही परत मिळाले नाही. आम्हाला निलंबन नको आहे. आम्हाला तो बोल्ट जागेवर हवा आहे, नाहीतर सांगाडा खाली हवा आहे.

पुढचे निवेदन येणार नाही. स्मरणपत्र येणार नाही.

या पत्राची पोच आम्ही आज घेतली. उद्या पहिला दिवस.