नुसताच ‘चांगला’

सरकारी भाषेत ‘चांगला’ ही जवळजवळ शिवी आहे, हे मला परवा घोडेगावात चहाच्या टपरीवर उमगलं. शेजारच्या बाकावर दोघे कर्मचारी. एकाने विचारलं, “काय रे, साहेबांनी सीआरला काय दिलं?” “चांगला,” दुसरा म्हणाला आणि अर्धा कप तसाच खाली ठेवला. सीआर म्हणजे साहेबाने लिहिलेला वर्षाचा गोपनीय अहवाल. त्यात ‘निश्चित चांगला’ मिळाला तर घरी पेढे. त्यातलं ‘निश्चित’ गळलं की बढतीची धाकधूक. देव दत्त नावाच्या एका अभियंत्याची बढती अशाच ‘चांगल्या’ने अडली होती. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २००८ मध्ये न्यायालय म्हणालं, शेरा बरा असो की वाईट, ज्याचा त्याला दाखवा. तोवर फक्त वाईटच कळवत. आता या अहवालाचं नाव ‘कार्यमूल्यमापन’ झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून सीआरच. (आमच्याकडे बारशाचं नाव कोण वापरतं म्हणा!) माझा राग मात्र नावावर नाही, कर्मचाऱ्याने आपलं काम लिहायच्या त्याच्या फॉर्मवर आहे. जुन्नरकडचा वनरक्षक रात्री दोन वाजता विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी दोराला बांधलेली बाज खाली सोडतो, कठड्यावर मोबाइल घेऊन वाकलेल्या अख्ख्या गावाला मागे ढकलतो, आणि मार्चअखेर फॉर्मात लिहितो काय, तर ‘नेमून दिलेली कामे वेळेत पार पाडली.’ त्याला साहेबाने कसला शेरा द्यायचा? साहेब तेव्हा झोपलेला होता. शेरा विहिरीच्या मालकाकडून घ्या.